सांग ना, पुढं काय झालं?

आई-बाबांनो, तुमच्या घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या किंवा मुलाच्या उशाशी सध्या ‘इल्युमिने’ नावाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असेल, तर ते उघडून पाहिल्यावर तुम्ही दचकला असाल. सहाशेच्या आसपास पानं. त्यातली काही पूर्ण काळी, वर पांढरी अक्षरं. कुठे ओळी गोल गोल फिरत गेलेल्या, कुठे शब्दांवर काळे पट्टे ओढलेले. मधूनच वाचायला घेतलंत तर माणसं मरताना दिसतात. दहावी तोंडावर आलीय आणि आपलं मूल हे काय वाचतंय, असं मनात येणं अगदी स्वाभाविक आहे.

मुलांबरोबर पुस्तकं वाचायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे अशी पुस्तकं पिशवीत घालून माझ्याकडे येणारे आई-बाबा मला नवे नाहीत. कुणी हळूच विचारतं, “हे वाचू द्यायचं का हो?” कुणी सरळ म्हणतं, “तुम्हीच सांगा तिला, तुमचं ऐकेल.” आज या एका पुस्तकाच्या निमित्ताने तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे. मूल हे वाचत असताना आपण त्याच्या आसपास कसं असावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी गोष्ट सांगते. शेवट सांगणार नाही, तो मुलांच्या हक्काचा आहे.

साल २५७५. केरेन्झा नावाच्या बर्फाळ ग्रहावर खाणकाम करणाऱ्यांची वसाहत आहे. वसाहत बेकायदा, म्हणजे कागदोपत्री तिथे कुणी राहतच नाही. सतरा वर्षांची केडी एका सकाळी एझ्रा नावाच्या मित्राशी नातं तोडते आणि त्याच दिवशी खाण चालवणाऱ्यांची प्रतिस्पर्धी असलेली बायटेक ही कंपनी वसाहतीवर हल्ला चढवते. मदतीची हाक ऐकून ‘अलेक्झांडर’ हे लढाऊ जहाज धावून येतं. जी माणसं वाचतात ती तीन जहाजांत भरून निघतात. अलेक्झांडर, ‘हायपेशिया’ हे संशोधनाचं जहाज आणि ‘कोपर्निकस’ हे मालवाहू जहाज. अलेक्झांडरला लढाईत असा मार बसलाय की अवकाशात लांबचा पल्ला एका झेपेत गाठणारी त्याची यंत्रणाच निकामी झाली आहे. सुरक्षित ठाणं कित्येक महिन्यांच्या वाटेवर, आणि मागे बायटेकचं ‘लिंकन’ लागलेलं. पळणाऱ्यांनी कुणाचं काही चोरलेलं नाही. त्यांनी हल्ला डोळ्यांनी पाहिलाय, आणि पाहिलेलं सांगायला कुणी उरू नये म्हणून त्यांचा पाठलाग चाललाय.

अलेक्झांडरचा कारभार एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती आहे. तिचं नाव एडन. लढाईत तीही जायबंदी झाली आहे. तिला काम नेमून दिलंय ते ताफ्याच्या रक्षणाचं. हल्ल्याच्या वेळी वसाहतीवर सोडलेल्या रोगाची लागण पुढे कोपर्निकसवर दिसू लागते आणि रोग बाकीच्या जहाजांवर पसरू नये म्हणून एडन माणसांनी भरलेलं ते अख्खं जहाज नष्ट करते. वरिष्ठ अधिकारी एडनला बंद करतात, आणि खरं काय घडलं ते निर्वासितांपासून लपवतात. केडीला संगणकातल्या बंद दारांच्या किल्ल्या बनवता येतात. ती खरं शोधायला लागते.

एमी कॉफमन आणि जे क्रिस्टॉफ या मेलबर्नच्या लेखकांनी मिळून लिहिलेली ही कादंबरी २०१५ मध्ये आली. पुढे ‘जेमिना’ २०१६ मध्ये आणि ‘ऑब्सिडियो’ २०१८ मध्ये आली. तिन्ही पुस्तकं मिळून एक मोठी गोष्ट होते.

या गोष्टीला सरळ निवेदन नाही. इमेल, चॅट, मुलाखतींचे उतारे, जहाजांचे आराखडे, कॅमेऱ्यातल्या दृश्यांची टिपणं आणि एडनच्या मनातले विचार अशी सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावलेली आहेत. शिव्या काळ्या पट्ट्यांखाली झाकलेल्या आहेत. सलग दहा पानं न वाचणारी मुलं हे पुस्तक वाचतात, त्याचं हे एक कारण. चॅट वाचायची त्यांना सवय आहे. पण मला या मांडणीचा दुसराच गुण मोलाचा वाटतो. प्रत्येक कागदापाशी मुलाला ठरवावं लागतं की हे कुणी लिहिलंय, कुणासाठी लिहिलंय, यात काय गाळलंय. अधिकाऱ्यांचा खुलासा एक सांगतो, केडीने शोधलेली नोंद भलतंच सांगते. घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज खरा की खोटा हे तपासायला लागते तीच नजर इथे गोष्टीच्या ओघात तयार होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. बऱ्याच घरांत आई-बाबांना सहाशे पानांची इंग्रजी कादंबरी वाचणं जमण्यासारखं नसतं. वेळ नसतो, कुणाला एवढं इंग्रजी जड जातं, कुणाला या प्रकारच्या गोष्टींची गोडीच नसते. यात काही कमीपणा नाही. आणि खरं सांगू का, वाचून तपासायची गरजही नाही. पोलिसांनी झडती घ्यावी तशी पानं चाळू नका. मुलाला म्हणा, “मला ही गोष्ट सांग.”

रोज थोडी थोडी, आपल्या भाषेत. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, क्लासला सोडायला जाताना. “काल कुठे होतो आपण? लिंकन किती मागे राहिलं होतं?” एवढं विचारलंत की पुरे. ऐकताना हातातला फोन बाजूला ठेवा. मुलगी सांगेल, “अगं, मग ते एआय ना, सगळी शिपच उडवतं!” तिला ‘शिप नाही, जहाज म्हण’ असं सांगत बसू नका. गोष्टीचा ओघ तुटला की मूल गप्प होतं. नावं चुकली तरी चालतील, घटना मागेपुढे झाल्या तरी चालतील. आपल्याकडे आजी गोष्ट सांगते आणि नातवंडं ऐकतात. इथे मूल सांगणारं आहे आणि आपण ऐकणारे, आणि या उलट्या मांडणीत मुलाला जो मान मिळतो तो कुठल्याही बक्षिसातून मिळत नाही.

‘मग यातून तू काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका. त्या एका प्रश्नाने कादंबरीचं पाठ्यपुस्तक होतं.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मी आवर्जून सांगते, की ही गोष्ट पुण्याच्या किंवा सांगलीच्या आजीला व्हिडिओ कॉलवर सांगू दे. दर रविवारी एकेक भाग. मेलबर्नच्या शाळेतल्या मुलाला मराठीत ‘शाळा कशी चाललीय?’ या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येतं, आणि संभाषण तिथेच संपतं. पण पाठलाग, रोग, फसवणूक, घाबरलेली माणसं हे सगळं सांगायचं म्हटलं की भाषेला कामाला लागावंच लागतं. आणि आजीलाही पुढं काय झालं याची ओढ लागते, हे मी पाहिलं आहे.

सांगता सांगता मूल कोपर्निकसपाशी येईल. तिथे घाई करू नका. या पुस्तकातली ही सगळ्यात जड जागा आहे, आणि माझ्या अनुभवात मुलं इथेच खऱ्या अर्थाने बोलू लागतात.

एडनचा हिशेब साधा आहे. एक जहाज गेलं तर बाकीची वाचतील. मुलांमध्ये इथे दोन तट पडतात. कुणी म्हणतं, “बरोबरच आहे ना, नाहीतर सगळेच मेले असते.” कुणी चिडतं, “पण त्यातले किती जण आजारी नव्हतेच! त्यांना कुणी विचारलं?” तुमचं मूल पहिल्या बाजूचं निघालं तर घाबरून जाऊ नका. ते निर्दय झालेलं नाही. ते हिशेब करून पाहतंय, आणि त्या वयात असा हिशेब करून पाहावासा वाटतोच. त्याला पुढचे प्रश्न द्या. लागण झालेले किती आणि न झालेले किती, हे एडनला नक्की माहीत होतं का? दुसरा काही उपाय शोधायला वेळ होता का? आणि हा हुकूम द्यायचा अधिकार तिला कुणी दिला?

इथे घरातून एक आठवण पुढे करता येते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथ आवरायला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या हाताखालचे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेत होते, संशयितांना उचलून नेत होते. रोग आवरायचा होता, हे खरंच होतं. पण माणसांना ज्या तऱ्हेने वागवलं गेलं त्याचा संताप इतका साठला की २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ही माणसं शाळेच्या इतिहासातून मुलांच्या ओळखीची असतात. एडनच्या शेजारी ती ठेवली की मुलांना एकदम जाणवतं की साथ, भीती आणि हुकूम यांची गाठ २५७५ सालची नाही.

नववीतल्या एका मुलीने मला यावर विचारलं, “पण ताई, सावित्रीबाईंना लागण झालीच ना? म्हणजे एडनचा हिशेब चुकला का?” याला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हतं, आणि मी ते बनवूनही दिलं नाही. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो. तुमच्याही घरी असा प्रश्न येईल. आला तर ‘मलाही यावर विचार करावा लागेल’ म्हणा, आणि खरोखर विचार करून दुसऱ्या दिवशी बोला. ज्या घरात मोठी माणसं असं बोलू शकतात, तिथली मुलं पुढे मोठे प्रश्न घेऊन घरीच येतात.

कोपर्निकसनंतरचा भाग मला आई-बाबांच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा वाटतो. अधिकारी खरं लपवतात. त्यांचा हेतू अगदी वाईट नसतो. लोक घाबरतील, गोंधळ होईल, आधी जीव वाचू देत, मग बघू, असा त्यांचा विचार. पण अफवा पसरतात आणि माणसांचा विश्वास उडतो. केडीला सगळ्यात जास्त राग या लपवण्याचा येतो. मुलं हा भाग फार पोटतिडकीने सांगतात. ऐकताना जरा स्वतःच्या घराकडे पाहा. आजोबांच्या आजाराचं नाव, बाबांची गेलेली नोकरी, आई-बाबांमधला अबोला, घराचे थकलेले हप्ते यातलं काही तरी आपण ‘लहान आहे, कशाला सांगायचं’ म्हणून झाकलेलं असतं. चौदा वर्षांच्या मुलाला ते बहुतेक कळलेलं असतं. दाराआडचं बोलणं कानावर पडतं, बिलं दिसतात, चेहरे दिसतात. फक्त आपल्याला कळलंय हे सांगायची सोय त्याला नसते. सगळे तपशील द्यावेत असं मी म्हणत नाही. आजोबांना काय झालंय, डॉक्टर काय करताहेत, आणि आपल्याला अजून काय ठाऊक नाही, एवढं सरळ शब्दांत सांगितलं तरी मुलाच्या मनावरचा ताण उतरतो. घरात काही चाललंय आणि आपल्याला त्यातून वगळलंय, हे मुलाला आजारापेक्षाही जास्त एकटं करतं.

आता यंत्राकडे येऊ. तुमच्या मनात असेल की अशी पुस्तकं वाचून मुलं संगणकांना घाबरतील, नाहीतर त्यांच्या प्रेमात पडतील. घाबरण्याबद्दल म्हणाल तर २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं, आणि उतरण्याची ती शेवटची मिनिटं ते आपलं आपण सांभाळत होतं. उंची मोजणं, वेग कमी करणं, खालचा खडक पाहून सुरक्षित जागा निवडणं, सगळं त्याच्या संगणकाकडे होतं. बंगळुरूत बसलेले शास्त्रज्ञ तेव्हा फक्त पाहू शकत होते. आपणही टीव्हीसमोर श्वास रोखून पाहत होतो. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा लँडर उतरता उतरता कोसळला होता. इस्रोने त्याची कारणं शोधली, काय काय बिघडू शकतं याची यादी करून नवा लँडर त्यासाठी तयार केला आणि पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. ही हकीकत मुलाला सांगा आणि एडनशी ताडून पाहायला सांगा. दोन्ही ठिकाणी यंत्रच निर्णय घेतंय. मग विक्रमला काम कुणी नेमून दिलं, त्याच्या निर्णयाला कुठल्या मर्यादा होत्या, चुकलं तर नुकसान कशाचं होणार होतं? एडनला ‘ताफा वाचव’ एवढं सांगून तिच्या हाती शस्त्रं कुणी दिली? मुलं यावर इतकं नेमकं बोलतात की थक्क व्हायला होतं.

हे प्रश्न नवे नाहीत, हेही त्यांना कळू दे. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, हा आयझॅक असिमोव्ह यांचा नियम १९४२ सालच्या कथेतला. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये हॅल नावाचा संगणक आपल्याच अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. आपल्या मराठीत जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी बुद्धिमान यंत्रमानवाचीच आहे, आणि ती केव्हाच आपल्या कपाटांत आली. ‘इल्युमिने’ संपलं की ती मुलाच्या हाती द्या. याच वेळी तुम्ही स्वतः ती वाचलीत तर फारच छान. मग गोष्ट सांगायची पाळी तुमची.

प्रेमात पडण्याची काळजी जास्त खरी आहे, आणि ती पुस्तकामुळे आलेली नाही. केडी एडनचा तिरस्कार करते. जवळची माणसं मारणारं यंत्र आहे ते. पण संकट वाढत जातं तसं केडीला एडनशी बोलावं लागतं, तिची मदत घ्यावी लागते. एडनही केडीकडे कुतूहलाने पाहू लागते. हे यंत्र तिला समजून घेतंय, की तिचा उपयोग करून घेतंय? वाचणाऱ्याला शेवटपर्यंत या प्रश्नातून सुटका नाही. आणि हे वाचणाऱ्या आपल्या मुलांच्या खिशात आज असंच बोलणारं काहीतरी आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हा सातवीत असलेली मुलं त्याच्या सोबतीनेच मोठी झाली आहेत. गृहपाठापासून सुरू होतं आणि रात्री साडेअकराला ‘माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाहीये, मी काय करू?’ इथवर येतं.

मुलाला तिथे काय मिळतं ते आधी समजून घेऊ या. ते दमत नाही, चिडत नाही, ‘नंतर बघू’ म्हणत नाही, शेजारच्या काकूंना सांगत नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टींत आपण कमी पडतो हे मान्य करायला हवं. पण तो प्रोग्राम अफाट मजकुरावरून शिकून पुढचा शब्द जुळवत जातो. बोलणाऱ्याला बरं वाटेल असं म्हणण्याकडे त्याचा कल असतो. त्याच्यामागे एक कंपनी असते, आणि आपण लिहिलेलं तिच्या संगणकांवर जातं. खात्रीने बोलत असतानाही तो चुकीचं सांगू शकतो. हे मुलाला रागावून सांगण्यात अर्थ नाही. एडनबद्दल बोलता बोलता सहज विचारा, “तू बोलतोस ते एआय कधी तुला ‘तुझं चुकलं’ असं म्हणतं का रे?” मूल थांबेल, आठवून पाहील. बरीच मुलं यावर मनापासून हसतात आणि मग गंभीर होतात.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगून ठेवा, शांतपणे आणि एकदा नव्हे, अनेकदा. जगणं नको वाटतंय, कुणी फोटोवरून धमकावतंय, कुणी अंगाला हात लावतंय, यातलं काहीही असेल तर ते माणसापाशी यायला हवं. आमच्यापाशी ये, आम्ही आधी ऐकू, ओरडणार नाही. आमच्याशी बोलवत नसेल तर मावशीशी बोल, बाईंशी बोल. आणि कुणाशीच बोलवत नसेल तर मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक त्रासासाठीचा टेली-मानस १४४१६, हे दोन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा. ‘ओरडणार नाही’ हे वचन दिलंत तर ते पाळा. एकदा मोडलं की मूल पुन्हा त्या दाराशी येत नाही, आणि दुसऱ्या दाराशी रात्रभर दिवा असतो.

पळणाऱ्या माणसांबद्दलही थोडं बोलायला हवं. बातम्यांत निर्वासितांचे लोंढे दिसतात तेव्हा मुलं ती दृश्यं सहज सरकवून पुढे जातात, आणि आपणही जातो. केडीबरोबर सहाशे पानं पळाल्यावर तसं सरकवणं अवघड होतं. घर एका दिवसात जातं, आई-बाप कुठल्या जहाजात आहेत ते कळत नाही, अनोळखी माणसांबरोबर रांगेत उभं राहावं लागतं, आणि आपण गुन्हेगार नाही हे सारखं सिद्ध करावं लागतं. तुम्ही कल्याणच्या बाजूला राहत असाल तर मुलाला उल्हासनगरला घेऊन जा. लष्कराच्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची सोय झाली, १९४९ मध्ये त्याच जागेचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता विचारला तर ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगतात. पत्र्याच्या आणि दगडी बराकींत आलेल्या माणसांनी तिथे बाजार उभे केले, कारखाने काढले. तिथल्या एखाद्या वयस्क आजोबांशी मुलाची गाठ घालून देता आली तर पाहा. त्यांनी लहानपणी काय सोबत आणलं आणि काय मागे राहिलं, एवढं विचारलं तरी मूल कान देऊन ऐकेल.

आणि तुमची पहिली काळजी, ती राहिलीच. हिंसा. हो, या पुस्तकात ती आहे. रोगाने भान सुटलेली माणसं एकमेकांवर तुटून पडतात, ती वर्णनं भीतीदायक आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मी हे पुस्तक देणार नाही. तेरा-चौदाला मूल पाहून देईन. रात्री दचकून उठणाऱ्या, नुकतंच घरात कुणी गमावलेल्या मुलाला थोडं थांबू दे. केडी आणि एझ्राचं प्रेमही यात आहे, पण त्याने अस्वस्थ व्हावं असं काही नाही; त्या वयाच्या मुलांच्या मनात जे चाललेलं असतं तेच आहे. मूल वाचता वाचता मध्येच पुस्तक मिटून ठेवून दोन-तीन दिवस त्याला हात लावत नसेल, तर ‘एवढं महाग आणलं आणि टाकून दिलंस’ असं म्हणू नका. कुठे थांबलास, एवढंच विचारा. त्या उत्तरात बरंच काही सापडतं.

लहान भावंडं ‘मलाही अवकाशातली गोष्ट हवी’ म्हणून मागे लागतील. त्यांच्यासाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे. ‘चंद्रावर स्वारी’ मोठ्याने वाचायला घ्या. मोठं मूल कान देऊन ऐकणार, आणि मधूनच ‘असं चंद्रावर जाता येणार नाही’ म्हणून वाद घालणार. घालू दे.

‘इल्युमिने’ संपल्या संपल्या तुमच्या घरी ‘जेमिना’ची मागणी होईल. ते लगेच मागवू नका. ग्रंथालयात मिळतं का बघा, मैत्रिणीकडून आणता येतं का बघा. तोवर मुलाला विचारा, एडनचं पुढं काय होईल असं त्याला वाटतं, लिंकनवरची माणसं कोण असतील, त्यांना हुकूम कोण देत असेल. मूल सांगेल ते एका वहीत लिहून घ्या, तारीख घालून. दुसरं पुस्तक हातात पडलं की दोघं मिळून वही उघडा.